जुन्या पल्सर २२० चा ऑइल कूलर: आधी होज, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० ची पल्सर २२०, ८६ हजार किलोमीटर चाललेली. कूलरच्या (इंजिनचं तेल गार करणाऱ्या जाळीच्या) होजला, म्हणजे नळीला, क्रिम्पपाशी, म्हणजे धातूचं टोक दाबून बसवलेल्या जागी, तेल पाझरतंय आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल होतोय. नाशिक फाटा ते चाकण असं रोजचं जाणं-येणं. ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, गिअर कडक पडतात आणि मे महिन्यात सोलापूरला जाताना इंजिनचा आवाजच बदलतो. ऑनलाइन एक किट दिसलंय, त्यात दुप्पट आकाराचा कूलर आणि स्टीलच्या जाळीचे होज आहेत. घेऊ का?

होज बदला, आणि लवकर बदला. कूलर मात्र आहे तोच राहू द्या, निदान या उन्हाळ्यापुरता तरी. उत्तर जरा लांबणार आहे, कारण या कामात माणसं जिथे फसतात त्या जागा किटच्या खोक्यावर छापलेल्या नसतात. आणि एक आधीच सांगून ठेवतो. गॅरेज टाकण्याआधी सहा वर्षं मी भोसरीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करत होतो. त्यामुळे माझा ओढा होजकडे थोडा जास्त आहे, हे धरूनच वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकत्र आलीत, गळणं आणि तापणं. गळण्याचं कारण उघड आहे. पंधरा वर्षांचं रबर, रोज तापून रोज थंड होणारं. क्रिम्पच्या आत ते कडक होतं, आक्रसतं आणि धातूची पकड सैल पडते. तिथून आधी घाम येतो, मग ओघळ, आणि एक दिवस धार. त्यावर जुबली क्लिप आवळून भागत नाही. क्लिप बसते क्रिम्पच्या बाहेर, गळती असते आतल्या निपलवर (होजच्या आत शिरणाऱ्या धातूच्या नळीवर). एम-सील लावलेलेही पाहिलेत. गरम तेलापुढे ते चार दिवस टिकत नाही.

तापण्याचं मात्र वेगळं आहे. तुम्ही म्हणता गाडी ट्रॅफिकमध्ये तापते. उभ्या गाडीत कूलरवर वारा नसतो आणि तुमच्या गाडीच्या कूलरला पंखा नाही. वारा नसताना कूलर म्हणजे तेलाने भरलेला ॲल्युमिनियमचा डबा. तो दुप्पट मोठा केलात तर डबा दुप्पट होईल आणि तापायला थोडा जास्त वेळ घेईल, एवढंच. मोशीच्या सिग्नलला वीस मिनिटं अडकलात तर दोन्ही कूलर सारखेच निरुपयोगी.

मोठ्या कूलरचा उपयोग दिसतो तो मोकळ्या रस्त्यावर, सलग वेगात. म्हणजे तुमच्या सोलापूरच्या वाटेवर. पण तिथलं गणितही एकदा बघून घ्या. कूलर किती उष्णता बाहेर टाकतो हे ढोबळमानाने तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ११० अंश आणि हवा ३० असेल तर फरक ८० अंशांचा. मे महिन्यात दुपारी हवा ४४ वर गेली की फरक उरतो ६६. तोच कूलर, तोच वेग, पण बाहेर पडणारी उष्णता सहाव्या हिश्शाने कमी. गाडीत काही बिघडलेलं नसतं, हवाच तापलेली असते. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पहाटे चारला निघणं, आणि मी तो गंभीरपणे सुचवतोय.

ऑइल कूलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जुन्या सुझुकी येतात. १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये सुझुकीने ज्वलनकक्षाच्या पाठीवर थेट तेलाचा मारा केला होता. इंजिनचं डोकं (सिलिंडर हेड) गार ठेवायचं मुख्य कामच तेलाकडे होतं आणि त्यासाठी पंपाची वेगळी सोय होती. तिथे कूलर मोठा केला की फरक पडायचा. तुमच्या इंजिनात डोक्याची उष्णता मुख्यतः फिनांवरून (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून) वाऱ्याला जाते, तेल मदतनीस आहे. मदतनीसाचा पगार दुप्पट केला म्हणून मालकाचं काम होत नाही.

तेव्हा कूलरला हात लावण्याआधी पुढचं बघून घ्या. यातलं काही फुकट आहे, काही जवळपास फुकट.

कूलरच्या जाळीतून बॅटरीचा उजेड पाडा. पलीकडून दिसला नाही तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. कूलर पुढच्या चाकामागे असतो, त्यामुळे पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्यावर येतो आणि वाळून वीट होतो. गेल्या वर्षी एका २२० च्या कूलरमधून मी जुन्या टूथब्रशने इतकी माती काढली की तुळशीच्या कुंडीला पुरली असती. डिझेल फवारून तासभर ठेवा, मऊ ब्रशने फिनांच्या दिशेने घासा, मग पाठीमागून पुढे साध्या नळीच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर वॉशरखाली नेऊ नका. ती धार जवळून लागली की फिना झोपतात. झोपलेल्या फिना प्लास्टिकच्या बारीक कंगव्याने उभ्या करता येतात, फक्त चिकाटी हवी. त्याच वेळी सिलिंडरच्या फिनाही खरवडून घ्या. डोकं गार करायचं खरं काम त्यांचंच आहे.

मग तेल. २०डब्ल्यू५०, मोटरसायकलचं, जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं जपानी मानक) शिक्का असलेलं. कारचं तेल नको, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी ओला क्लच घसरू शकतो. पातळी गाडी सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर नाही. या वयात इंजिन थोडं तेल खातंच आणि हजारेक मिली तेलात दोनशे कमी झालं तर उरलेल्याला तेवढं जास्त राबावं लागतं. गिअर कडक पडणं हे पुष्कळदा जुन्या, पातळ झालेल्या तेलाचं आणि क्लचच्या चुकलेल्या फ्री प्लेचं (लिव्हरच्या मोकळ्या हालचालीचं) गाऱ्हाणं असतं, कूलरचं नव्हे.

तिसरं कार्बोरेटर. २००७ ची पहिली २२० इंजेक्शनची होती, २००९ ला आलेली कार्बोरेटरची, म्हणजे तुमची कार्बोरेटरवालीच. कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबराला चीर पडली की हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भाजतं. गाडी आयडलला ठेवून रबराच्या कडेने साबणाचं पाणी ब्रशने लावा. आयडल बदललं तर चोर सापडला. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स आणि ब्रेक घासतोय का हेही बघा. मागचं चाक हाताने फिरवून दोन वेटोळी मारत नसेल तर इंजिन रोज विनाकारण एक ओझं ओढतंय.

एवढं करूनही तापते असं वाटलं तर मोजा. ‘वाटणं’ फार फसवं असतं. उन्हाळ्यात बेंड पाइपची (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीची) धग मांडीला लागली की गाडी तापली असं सगळे म्हणतात. लेझरवाला तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका, तो हमखास कमी दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर रोखा. त्याहून बरा थर्मोकपलवाला मल्टिमीटर. त्याची वायर कूलरकडे येणाऱ्या होजच्या धातूच्या टोकाला चिकटवा, वरून कापडाची दोन वेटोळी, आणि मीटर टाकीवरच्या बॅगेत. अर्धा तास सलग चालवून थांबा आणि वाचा. मग तेच कूलरमधून परतणाऱ्या टोकाला. ९० ते ११० च्या घरात असेल तर चिंता नाही. १२० पर्यंत चांगलं २०डब्ल्यू५० निभावून नेतं. सलग १३० च्या वर राहत असेल तर तुमची तक्रार खरी आहे. आणि आत जाणारं व बाहेर येणारं यांत फरक फारच मोठा दिसला तर कूलर जोरात काम करतोय असं समजून खूश होऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ तेल फार हळू जातंय, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

आता होज. इथे जरा थांबतो.

तुम्ही हायड्रॉलिकच्या दुकानात गेलात तर दुकानदार विचारेल, ‘प्रेशर किती?’ हा प्रश्न जेसीबीला ठीक आहे, तुमच्या गाडीला नाही. ट्रॅक्टरला लागणारा साधा आर१ होजही तुमच्या पंपाला कधीच जमणार नाही इतका दाब सोसतो. अडचण दाबाची नसून तापाची आहे. साध्या रबरी हायड्रॉलिक होजची मर्यादा १०० अंश असते. तुमचं तेल उन्हाळ्यात ११० वर चालणार, शिवाय शेजारून बेंड पाइप गेलेला. म्हणजे दहापट मजबूत होज घेऊनही तुम्ही त्याला रोज मर्यादेबाहेर शिजवणार. वर्षभर काही होत नाही, दुसऱ्या वर्षी तो काठीसारखा कडक होतो आणि पुन्हा क्रिम्पपाशी घाम. दोन वर्षांनी तुम्ही परत मला हाच प्रश्न विचारणार.

म्हणून मागा टेफ्लॉनचा आतला नळ आणि वर स्टेनलेसची जाळी असलेला होज. दुकानात त्याला आर१४ म्हणतात. तो २०० अंशांपर्यंत आरामात चालतो आणि तेलाने फुगत नाही की आक्रसत नाही. इथे एक फसगत होते. स्टीलची जाळी म्हणजे टेफ्लॉन असं नाही. पुष्कळ किटमध्ये जाळीच्या आत साधं रबर असतं, वरून चकाचक, आतून तेच म्हातारं होणारं. कापलेल्या टोकात डोकावून बघा. पांढरा, गुळगुळीत, कडक नळ दिसला तर टेफ्लॉन. काळा आणि नखाने दबणारा असेल तर रबर. टेफ्लॉनचे काही नळ काळेही असतात, पण नखाने दबत नाहीत. तुमच्या किटच्या विक्रेत्याला नेमकं हेच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा.

आणि रेडिएटरचा होज तेलाला कधीही लावू नका. तो ईपीडीएम रबराचा असतो. पाण्याला उत्तम, पण पेट्रोलियम तेलात फुगून चिकट होतो. सिलिकॉनचे निळे-लाल होज दिसायला झकास, पण साधं सिलिकॉन गरम तेल झिरपू देतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गॅरेजच्या पहिल्या वर्षी एका मित्राच्या गाडीला घाईत, दुकानदाराच्या भरवशावर, ‘ऑइलचाच आहे’ म्हणून दिलेला काळा होज क्लिपने बसवून दिला. कात्रज ओलांडून खाली उतरेपर्यंत ठीक होतं. खंबाटकीच्या चढाला होज निपलवरून सरकला. तेल बेंड पाइपवर पडलं म्हणून धूर झाला, आणि धूर दिसला म्हणून तो थांबला. तेल मागच्या टायरवर गेलं असतं तर त्याला थांबायलाही जमलं नसतं. नंतर होज हातात घेतला तेव्हा आतला भाग भिजलेल्या राजम्यासारखा झाला होता. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. विचारायचं काय, ते मलाच तेव्हा कळत नव्हतं.

जाडी मूळ होजएवढीच ठेवा. बारीक तर अजिबात नको. अशा होजमधून तेल संथ वाहतं आणि संथ वाहणाऱ्या तेलाला होणारा अडथळा व्यास घटला की चौथ्या घाताने वाढतो. आतला व्यास ८ मिलिमीटरवरून ६ वर आणलात तर अडथळा तिपटीहून जास्त. जाड घेऊन मात्र फारसं काही मिळत नाही, कारण तेलाला शेवटी इंजिनातल्या त्याच भोकांतून जायचंय.

याच कारणासाठी बँजो बोल्ट, म्हणजे होजचं टोक इंजिनला जोडणारा, भोकांतून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, जपून निवडा. गाडीला बँजो असेल आणि नवा बोल्ट हवा असेल तर दुकानदार ब्रेकचा बँजो काढून देतो, आटे तेच असतात, बसतोही छान. पण ब्रेकमध्ये तेल वाहत नाही, नुसता दाब पोचवायचा असतो, म्हणून त्याला भोकं बारीक पुरतात. ३ मिलिमीटरची दोन भोकं म्हणजे मिळून १४ चौरस मिलिमीटर. तुमच्या ८ मिलिमीटरच्या होजचा छेद ५०. एका बोल्टने वाट साडेतीन पट अरुंद केलीत. काही इंजिनांत सगळं तेल कूलरमधून जाऊन मगच पुढे पोचतं, काहींत फक्त एक फाटा कूलरकडे जातो. पहिल्या प्रकारात असा बोल्ट म्हणजे बेअरिंगची उपासमार. जुना बोल्ट शेजारी धरून भोकं ताडून बघितल्याशिवाय नवा लावू नका. तापमान वाढल्यावर ‘कूलर बायपास करून बघू’ म्हणून दोन टोकं परस्पर जोडणारेही भेटतात. आपल्या इंजिनात तेलाची वाट कशी आहे हे सर्व्हिस मॅन्युअलच्या आकृतीत पाहिल्याशिवाय तेही नको.

आट्यांचं मोजमाप डोळ्यांनी होत नाही. व्हर्निअर आणि पिच गेज घेऊन बसा. पुण्यातली हायड्रॉलिकची दुकानं प्रामुख्याने बीएसपीवर (ब्रिटिश पाइप आट्यांवर) चालतात, मोटरसायकल मेट्रिकवर. एक अष्टमांश बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर आणि इंचाला २८ आटे. एम१० बाय १ च्या (१० मिलिमीटरच्या मेट्रिक) भोकात तो दोन-तीन वेढे आरामात चढतो, मग आवळ येतो, आणि फिटरला वाटतं बसला. कूलर आणि केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. आटे कोणाचे जाणार हे सांगायला नको. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. पान्हा फक्त शेवटच्या आवळ्याला. किटमध्ये ‘एएन ६’ (अमेरिकी मापाचं फिटिंग) असेल तर त्याचं शंकूचं तोंड ३७ अंशांचं असतं, बीएसपीचं ३० अंशांचं. दोन्ही एकमेकांत शिरतात, आवळतात आणि गळतात.

आणि टेफ्लॉन टेप! प्लंबरची ही सवय गॅरेजमध्ये शिरलीय. बँजोला तांब्याचे वॉशर सील करतात, शंकूला शंकूचं तोंड, फ्लँजला ओ-रिंग. आट्यांना टेप लावायचं कामच नाही. टेपचा एक धागा सुटून तेलाच्या वाटेतल्या बारीक भोकात बसला तर इंजिन उघडल्याशिवाय तो सापडत नाही. तांब्याचे वॉशर नवे घ्या. नाहीच मिळाले तर जुने गॅसवर लाल होईस्तोवर तापवा, गार करा, बारीक पॉलिश पेपरवर घासून काजळी काढा. पुन्हा मऊ होतात. प्रत्येक बँजोला दोन, डोळ्याच्या (होजच्या टोकाच्या कड्याच्या) एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. एम१० ला मी २० न्यूटन-मीटरच्या आसपास थांबतो, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

होज बनवून घ्यायला जाताना जुने होज न वाकवता, आहेत त्या वळणात पुठ्ठ्यावर ठेवून आणि दोन्ही टोकांच्या डोळ्यांची दिशा पेनाने आखून न्या. लांबी सगळेच नेतात, दिशा कोणी नेत नाही. क्रिम्प झालेलं टोक फिरत नाही. दोन डोळ्यांमधला कोन चुकला की होजला पीळ देऊन बसवावा लागतो आणि पिळलेला होज स्वतःच बोल्ट ढिला करत राहतो. टेफ्लॉनला तीव्र वळण आवडत नाही. एकदा मुडपला की आतला नळ चिमटतो आणि पुन्हा गोल होत नाही, बाहेरून जाळीमुळे काही कळतही नाही. आणि क्रिम्प झाल्यावर होज तसाच बसवू नका. कापताना जाळीचे केसांएवढे तुकडे आणि ब्लेडचा कीस आत राहतो. आतून रॉकेल किंवा पेट्रोल ओता, हवेने उडवा, पांढऱ्या चिंधीवर बघा. काळा ठिपकाही आला तर परत धुवा. या कचऱ्याला पुढे फिल्टर भेटेलच असं नाही.

स्टीलच्या जाळीचा एक दुर्गुण सांगून ठेवतो. ती हॅक्सॉ ब्लेड आहे. जिथे टेकेल तिथे कापते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत जाळीचा होज चेसिसच्या नळीला टेकून फिरवलेला होता. आठ-नऊ महिन्यांत रंग, प्रायमर आणि लोखंडात अर्धा मिलिमीटर खोबण. होजला ओरखडाही नाही. तीच जाळी कूलरच्या फिनांना टेकली असती तर कूलर गेला असता. म्हणून वरून प्लास्टिकचं आवरण असलेला होज घ्या किंवा टेकण्याच्या प्रत्येक जागी जुन्या रबरी नळीचा तुकडा चढवा. बांधायला रबर लावलेल्या पी-क्लिप. झिप टाय बेंड पाइपच्या धगीने तुटतात. बेंड पाइपपासून दोन बोटांचं अंतर सुटलंच पाहिजे.

आता समजा हे सगळं झालं, मोजलंत, तेल सलग १३० च्या वर आहे आणि कूलर बदलायचाच आहे. मग दुप्पट नको, दीडपट पुरे. प्लेटवाला कूलर नळी-फिनवाल्यापेक्षा कमी जागेत जास्त काम करतो, पण तोही वाऱ्यात हवा. फेअरिंगच्या आड लपवलेला मोठा कूलर समोर उघड्या असलेल्या छोट्याशी हरतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि पुढचा शॉक पूर्ण दबल्यावर मडगार्ड कुठे येतं तेही. मी कूलरच्या कडेवर कणकेचा गोळा चिकटवतो आणि मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन वेळा पुढचा ब्रेक जोरात मारतो. गोळा दबला तर जागा पुरत नाही. बायको विचारते गॅरेजला कणीक कशाला लागते.

कूलरची तोंडं शक्यतो वर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. कूलर चेसिसला घट्ट नको, मध्ये रबराचे बुश हवेत. सिंगल सिलिंडरच्या थरथरीने ॲल्युमिनियमचे कान तडकतात.

मोठ्या कूलरची दुसरी बाजू पुण्याच्या पावसाळ्यात दिसते. रोजचं अंतर कमी, हवा गार, रस्ता ओला. तेल ७० च्या पुढे जातच नाही. इंजिनात तयार होणारं पाणी उडून जायला तेल बऱ्यापैकी गरम व्हावं लागतं. नाही झालं तर तेल भरायच्या झाकणाला आतून बासुंदीसारखा पिवळट फेस जमतो. लोक घाबरून गॅस्केट बदलायला निघतात. मोठा कूलर लावायचाच असेल तर ८० अंशांच्या आसपास उघडणारा ऑइल थर्मोस्टॅट वाटेत बसवा. तो परवडत नसेल तर पावसाळ्यात कूलरपुढे अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी लावा. जुन्या ट्रकांच्या रेडिएटरवर पोतं बांधायचे, तसंच हे.

जुन्या बाजारातला सेकंडहँड कूलर मोह पाडतो. स्वस्त असतो, कंपनीचाच असतो. पण तो गाडीवरून का उतरला हे कोणी सांगत नाही. इंजिन जाम होऊन भंगारात गेलेल्या गाडीचा असेल तर बेअरिंगचा चुरा त्याच्या पोटात बसलेला असतो. रॉकेलने दहा वेळा धुतलात तरी अरुंद वाटांतला चुरा पूर्ण निघाला असं छातीठोक सांगता येत नाही, आणि गरम तेल गेलं की तो सुटतो. मी अशा कूलरला हात लावत नाही.

नवा असो की तुमचाच जुना, बसवण्याआधी पंक्चरवाला ट्यूब बघतो तसा बघा. एक तोंड बंद, दुसऱ्याला व्हॉल्व्ह, ५० पीएसआय हवा, आणि बादलीत पाच मिनिटं. एक बुडबुडाही नको.

बसवताना कूलर आणि होज आधीच तेलाने भरा, मोजून, मोठ्या सिरिंजने. किती मिली गेलं ते लिहून ठेवा. ८ मिलिमीटरचा ८० सेंटिमीटर होज ४० मिली घेतो, बाकीचं कूलरचं. मूळच्यापेक्षा जेवढं जास्त मावलं तेवढं यापुढे प्रत्येक ऑइल चेंजला लक्षात ठेवायचं. ड्रेन केल्यावर कूलरमधलं तेल मात्र बहुतेक आतच राहतं, त्यामुळे त्या दिवशी बाटलीवरच्या आकड्याने नाही, पातळी बघून भरायचं.

मग गाडी चालू करा आणि दोन मिनिटं आयडल, रेस नाही. सगळ्यात वरच्या जोडाला अर्धा वेढा सैल करून तेल ओघळतंय का बघा, चिंधी हाताशी ठेवा. तेल आलं म्हणजे हवा गेली, आवळून टाका. तीस सेकंदांत तेल आलं नाही तर इंजिन बंद करा आणि सगळे बोल्ट परत ताडून बघा. पाच मिनिटं थांबून पातळी बघा, कमी पडलेलं भरा. पाच किलोमीटरचा फेरा मारून या आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. सकाळी त्यावर ठिपका नसेल तरच फेअरिंग लावायला घ्या. ठिपका असेल तर तो कोणत्या जोडाच्या बरोबर खाली आहे ते पेनाने लिहा आणि आवळत सुटण्याआधी तो वॉशर काढून बघा. शंभर किलोमीटर झाले की गार इंजिनवर टॉर्क पान्ह्याने सगळे बोल्ट एकदा परत तपासा. नवं तांबं थोडं बसतं. त्यानंतरही १३० च्या वरचाच आकडा आला तर दोन्ही टोकांची तापमानं, बाहेरची हवा आणि वेग लिहून पाठवा, म्हणजे कूलरचा आकार ठरवता येईल.